बॉनेटखालचं खरं काम: स्केल मॉडेल गाड्यांसाठी इंजिन डिटेल किट कशी निवडायची आणि कशी लावायची

१/२५ स्केलच्या, म्हणजे खऱ्या मापाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या, अमेरिकन गाडीच्या प्लॅस्टिक मॉडेलचा डबा उघडला की इंजिनाचे पंधरा-वीस भाग हाती लागतात. दोन अर्ध्यांचा ब्लॉक, हेड, टॅपेट कव्हर, मॅनिफोल्ड, फॅन, अल्टरनेटर आणि मागे चिकटवायला डिस्ट्रिब्युटर (ठिणगीसाठीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग) म्हणून प्लॅस्टिकचं एक बारकं बोंड. हे सगळं कितीही निगुतीनं रंगवलं तरी बॉनेट उघडल्यावर इंजिन उघडंबोडकं दिसतं. खऱ्या इंजिनावर वायरी आणि नळ्यांचं जाळं असतं आणि डब्यात त्यातलं जवळपास काहीच नसतं. ही उणीव भरून काढायला दुसऱ्या, बहुधा छोट्या कंपन्या जे सुटे भाग विकतात, ती आफ्टरमार्केट डिटेल किट्स.

नवख्यांचं इथे एक ठरलेलं होतं. ते सगळ्यात महागडा, सगळ्यात जास्त भागांचा सेट मागवतात आणि मग कोणती वायर कुठे जाते हे शोधत बसतात. क्रम उलटा हवा. कुठली नळी कुठून निघते आणि कुठे पोचते हे आधी कळलं पाहिजे. ते कळलं की अर्ध्या वस्तू विकत घ्याव्याच लागत नाहीत.

उदाहरण म्हणून मी १९६९ ची शेवरोले कॅमेरो झेड/२८ धरतो. रेव्हेलचं हिचं १/२५ मधलं किट नवख्यांना झेपण्यासारखं आहे. इंजिन ३०२ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ४.९ लिटरचं, शेवरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ घराण्यातलं. हे घराणं १९५५ साली सुरू झालं आणि पुढे इतक्या गाड्यांत बसलं, की एकदा याची वायरिंग हाताखालून गेली तर पुढच्या कित्येक मॉडेलना तेच ज्ञान पुरतं.

खरेदीआधी डबा तपासा

बाजारातल्या बऱ्याच किट्समध्ये इंजिनच नसतं. तामियाच्या १/२४ मधल्या अनेक आधुनिक स्पोर्ट्स गाड्या अशाच येतात. बॉनेट बॉडीबरोबर एकसंध ओतलेलं असतं आणि खालून फक्त इंजिनाचा तळ दिसतो. अशा किटला ‘कर्बसाइड’ म्हणतात. त्यात वायरिंग सेट घेऊन उपयोग नाही. तिथे अख्खं रेझिनचं इंजिन घ्यावं लागतं, बॉनेट कापावं लागतं, आतला सांगाडा घडवावा लागतो. पहिल्या-दुसऱ्या मॉडेलला हे करू नका.

दुसरी गोष्ट स्केलची. अमेरिकन किट्स बहुतांशी १/२५, जपानी १/२४. फरक चार टक्क्यांचा. वायर, होज, क्लॅम्प यांना तो लागू होत नाही, बिनधास्त वापरा. पण अख्खं इंजिन किंवा रेडिएटर घेताना तो नडतो. ६०० मिमी लांबीचं इंजिन १/२४ मध्ये २५ मिमी होतं आणि १/२५ मध्ये २४. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि रेडिएटरच्या फटीत तो एक मिलिमीटर कुठून आणणार?

दुकानात काय काय मिळतं

प्री-वायर्ड डिस्ट्रिब्युटर ही नवख्यानं घ्यायची पहिली वस्तू. डिटेल मास्टरसारख्या कंपन्या ते विकत आल्या आहेत. छोटा डिस्ट्रिब्युटर, त्यातून निघालेल्या आठ प्लग वायरी (दर सिलिंडरच्या स्पार्क प्लगला एक) आणि एक कॉइलची, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाची वायर, असं सगळं जोडून मिळतं. नऊ बारीक छिद्रं एका टाचणीच्या डोक्याएवढ्या टोपीत पाडायचं काम वाचतं आणि पैसे वसूल होतात.

वायर आणि होजचे सेट म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या वेटोळ्या. सोयीचे असतात, पण यांना घरगुती पर्याय उत्तम आहेत. ते पुढे येईलच.

फोटोएच म्हणजे पितळेच्या किंवा स्टीलच्या पातळ पत्र्यावर रासायनिक पद्धतीनं कोरलेले भाग. होज क्लॅम्प, रेडिएटरची जाळी, कार्ब्युरेटरचा लिंकेज, वायरी वेगळ्या ठेवणारे कंगवे हे त्यात सुरेख येतात. जे मुळातच चपटं आहे ते फोटोएचमध्ये घ्यावं. जे गोल किंवा जाड आहे, उदाहरणार्थ फॅन किंवा पुली, ते फोटोएचमध्ये पापडासारखं दिसतं. मॉडेल कार गराजच्या अमेरिकन गाड्यांसाठीच्या शीट चांगल्या असतात, पण एका शीटवरचे निम्मे भाग तरी डबीत पडून राहतात, हे धरूनच घ्या.

लेथवर कातलेले ॲल्युमिनियमचे भाग, म्हणजे पुल्या, एअर क्लीनर, इनटेकचे भोंगे, शो-कार किंवा हॉट रॉड बनवायची असेल तर शोभतात. कारखान्यातून निघाली तशी गाडी करायची असेल तर त्यांची चकाकी खोटी वाटते.

शेवटी रेझिनची किंवा थ्रीडी प्रिंट केलेली पूर्ण इंजिनं. तपशील डोळे दिपवणारा असतो. त्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून त्यावर पुढे स्वतंत्रपणे लिहिलं आहे.

एक व्यवहाराची गोष्ट: परदेशातून मागवताना पाकीट हलकं असलं तरी कुरिअर आणि कस्टम्सचा खर्च लागतो. एकेक वस्तू मागवण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून एकदम मागवलेलं परवडतं.

जाडीचं गणित

डिटेलिंग फसतं ते बहुधा इथेच. खऱ्या मापाला २५ नं भागा, बस्स.

प्लगची वायर खरी ७ मिमी, मॉडेलवर ०.२८.
पेट्रोलची नळी ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी, मॉडेलवर ०.३८.
बॅटरीची केबल साधारण १० ते १२ मिमी, मॉडेलवर ०.४ ते ०.५.
ब्रेकची नळी ३/१६ इंच म्हणजे ४.८ मिमी, मॉडेलवर ०.१९.
हीटरचा होज बाहेरून साधारण २२ मिमी, मॉडेलवर ०.९.
रेडिएटरचा वरचा होज बाहेरून साधारण ४८ मिमी, मॉडेलवर १.९.

आता इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात ती ३० गेजची वायर-रॅप वायर घ्या. आतलं तांबं ०.२५ मिमी, पण आवरणासकट जाडी साधारण अर्धा मिमी. प्लगची वायर म्हणून लावली तर खऱ्या गाडीवर साडेबारा मिमी जाडीची वायर असल्यासारखं दिसेल. इंजिनावर दोरखंड गुंडाळलेत की काय असं वाटणारी जी मॉडेल्स असतात, त्यांचं कारण हेच. तीच वायर बॅटरी केबल म्हणून मात्र अगदी फिट.

प्लग वायरसाठी सगळ्यात स्वस्त आणि चोख वस्तू म्हणजे मोटर रिवाइंडिंगची एनॅमल चढवलेली तांब्याची तार. एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचे ब्रिटिश नंबर) मापात ३२ नंबर ०.२७ मिमी, ३० नंबर ०.३१, २८ नंबर ०.३८, २६ नंबर ०.४६ आणि ३६ नंबर ०.१९. म्हणजे वरच्या यादीतल्या बारीक वस्तू एका दुकानात झाल्या. पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि गावात असाल तर पंप-मोटरी भरणारा कोणीही. त्याच्या टाकाऊ कॉइलमधली तार मिळाली तर काही मॉडेल्सची सोय होते. तांबं मऊ असल्यामुळे वाकवाल तिथे राहतं, परत उसळत नाही. प्लॅस्टिकच्या वायरीची हीच तर कटकट असते.

होजसाठी सोल्डरिंगचा शिशाचा तार वापरा. एक मिमीचा तार हीटर होजला चालतो. वळण देताना तो चिमटत नाही, गोलाई सुंदर येते. शिसं आहे, तेव्हा हात धुवा आणि तुकडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. स्टीलच्या जाळीचा होज दाखवायचा असेल तर गिटारची गुंडाळलेली तार तुकडा करून लावा.

फोटो पाहणं

तुमच्या गाडीच्या इंजिन बेचे फोटो जमवा, पण कोणते ते पाहून. सजवलेल्या गाडीत प्लगच्या वायरी टॅपेट कव्हरवरून ऐटीत जातात, लाल नाहीतर पिवळ्या, ८ मिमीच्या. साठच्या दशकातल्या शेवरोलेच्या कारखान्यानं मात्र बऱ्याच गाड्यांत त्या काळ्या वायरी इंजिनाच्या मागून उतरवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खालून प्लगपर्यंत नेल्या. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच मॉडेलवर दोन्ही नकोत.

कधी कधी वायरी दिसतच नाहीत. त्या काळातल्या कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. ती रेडिओतली खरखर अडवत नाही, म्हणून कारखान्यानं डिस्ट्रिब्युटर आणि वायरींवर धातूची झाकणं बसवली. कॉर्व्हेट करताना आठ वायरी निगुतीनं लावून वर झाकण ठेवण्यात काय हशील?

इंजिन जोडणं आणि भोकं पाडणं

ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्ड चिकटवा, जोड घासून घ्या, आणि रंगाच्या आधी सगळी भोकं पाडा. रंगानंतर ड्रिल घसरला की पुन्हा रंगकाम आलंच.

लागेल ती साधनं: पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरून बोटांनी फिरवायची मूठ), ०.३५, ०.४, ०.५, १ आणि १.२ मिमीचे ड्रिल, टोकदार चिमटा, शिवणाची सुई. भोकाच्या जागी आधी सुईनं खळगा करा, मग ड्रिल ठेवून बोटांनी हलके फिरवा. दाबायचं नाही. कार्बाइडचे ड्रिल काचेसारखे मोडतात. सुरुवातीला हाय-स्पीड स्टीलचे घ्या, ते थोडे लवतात.

प्लगच्या खुणा ओतलेल्या असतील तर तिथेच पाडा. नसतील तर एक माप लक्षात ठेवा: स्मॉल ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांतलं अंतर ४.४ इंच, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ साडेचार मिमी. हेडवर पेन्सिलनं चार ठिपके काढा. शिवाय भोकं लागतात ती मॅनिफोल्डच्या मागे डिस्ट्रिब्युटरसाठी, पेट्रोल पंपावर, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, टॅपेट कव्हरवर पीसीव्ही व्हॉल्व्हसाठी (इंजिनातल्या वाफा कार्ब्युरेटरकडे परत नेणारा), आणि फायरवॉलवर हीटर होजची दोन.

किटमधला क्रोमचा थर चढवलेला भाग असेल तर चिकटवायच्या जागचा क्रोम खरवडून काढा, नाहीतर डिंक फक्त क्रोमला धरतो. पूर्ण क्रोम उतरवायचा तर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवा. त्यात बाथरूमचं ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

रंग

शेवरोलेचा ब्लॉक, हेड आणि पाण्याचा पंप नारिंगी. झेड/२८ चा इनटेक मॅनिफोल्ड मात्र ॲल्युमिनियमचा, त्याला नारिंगी फासू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला बिडाचा करडा-तपकिरी, पुल्या काळ्या, अल्टरनेटर ॲल्युमिनियम. वाळल्यावर काळ्या-तपकिरी रंगाचं पातळ पाणी खाचांत सोडा. इथेच थांबा. नव्यानं हात बसलेले लोक ग्रीस आणि गंज दाखवण्याच्या नादात इंजिन भंगारातून उचलल्यासारखं करून टाकतात.

वायरी लावणं

मूळ डिस्ट्रिब्युटरचं बोंड कापून टाका आणि तिथे प्री-वायर्ड डिस्ट्रिब्युटर बसवा. आता क्रम. शेवरोलेत ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकन गाडीत डावीकडे, पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. टोपीवर पुढच्या बाजूचा एक टॉवर (वायर खोचायचं उभं टोक) १ नंबर धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं हा क्रम मोजत जा. लगेच लक्षात येईल, की टोपीच्या डाव्या अर्ध्यातल्या वायरी डावीकडे आणि उजव्या अर्ध्यातल्या उजवीकडे असं साधं नाही. काही वायरी आडव्या जातात. तोच गुंता खरा वाटतो.

५ आणि ७ हे सिलिंडर शेजारी आहेत आणि पेटतातही एकामागून एक. त्यांच्या वायरी लांबवर चिकटून नेल्या तर एकीतल्या विजेच्या दाबानं दुसरीत ठिणगी पडू शकते, म्हणून जुने मेकॅनिक त्या दोघींना मुद्दाम लांब ठेवतात. मॉडेलवर हे केलंत तर जाणकार हसून मान डोलावेल.

फोर्डचं इंजिन असेल तर हा क्रम विसरा. फोर्डच्या २८९ आणि ३०२ घनइंची इंजिनांत डिस्ट्रिब्युटर पुढे असतो, उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८, क्रम १-५-४-२-६-३-७-८ आणि फिरणं काट्याच्या उलट. क्रायस्लरच्या ४२६ हेमीत डिस्ट्रिब्युटर पुढे आणि प्लग टॅपेट कव्हरच्या मधोमध बसतात, तिथे वायरी लपायला जागाच नाही. ते इंजिन डिटेलिंगसाठी देखणं आहे.

वायर बसवताना आधी सर्वांत मागच्या सिलिंडरांची लावा, मग पुढे या. उलट केलंत तर चिमटा आत जात नाही. लांबी आधी कापू नका. वायर जागी नेऊन, वळण देऊन, मग टोक कापा आणि भोकात खोचा. फेविक्विक नळीतून थेट कधीच सोडू नका. प्लॅस्टिकच्या झाकणावर थेंब घ्या आणि सुईच्या टोकानं उचलून लावा. त्याच्या वाफेनं चकचकीत भागांवर पांढरट धूर चढतो, म्हणून क्रोम आणि काचा दूर ठेवा.

प्लगवरचं रबरी टोपण दाखवायला वायरीच्या टोकाला फेव्हिकॉलचा कण लावा, वाळला की काळा रंगवा. विकतच्या बारीक नळीपेक्षा हे मला सरस वाटतं, कारण ०.५ मिमीची नळी या मापाला जाडच होते.

कॉइलची वायर टोपीच्या मधल्या टॉवरमधून शेजारच्या कॉइलला जाते. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरची जनरल मोटर्सची गाडी असेल तर कॉइल टोपीतच असतो. मग टोपी मोठी घ्या आणि ही वायर वगळा.

नळ्या

पेट्रोल पंप उजवीकडे पुढे खाली असतो. तिथून नळी वर कार्ब्युरेटरला जाते, ही ०.३८ ची. रेडिएटरचा वरचा होज मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला, थर्मोस्टॅटच्या घरट्याला. खालचा पाण्याच्या पंपाला. हीटरचे दोन होज, एक पंपाकडून आणि एक मॅनिफोल्डकडून, फायरवॉलकडे. पीसीव्हीची नळी टॅपेट कव्हरवरून कार्ब्युरेटरच्या पायाशी. बॅटरीची पॉझिटिव्ह केबल सेल्फला जाते, आणि या इंजिनात सेल्फ उजवीकडे खाली मागे असतो, म्हणजे केबलची दिशा ठरली. निगेटिव्ह इंजिनाला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या बाजूला फायरवॉलवर, त्याच्या नळ्या ३६ नंबरच्या तारेच्या.

क्लॅम्प फोटोएचमध्ये नसतील तर स्वयंपाकघरातल्या फॉइलची अर्ध्या मिमीची पट्टी होजभोवती एकदा फिरवा. दिसायला फारसा फरक पडत नाही.

फोटोएच कापताना खाली गुळगुळीत टाइल ठेवा. मऊ मॅटवर कापलं तर भाग वाकतो. कापलेल्या जागचं टोक कानसून घ्या आणि आधी प्रायमर मारा, ॲक्रिलिक रंग नुसत्या पितळेवर टिकत नाही.

रेझिनचं अख्खं इंजिन घेतलंत तर

आधी भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणानं घासून धुवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग सोलून निघतो. ओतकामाचे ठोकळे करवतीनं कापा, ओल्या पॉलिश पेपरनं घासा आणि एन-९५ मास्क लावा. रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट. वाकलेला भाग गरम पाण्यात धरून सरळ होतो. प्लॅस्टिकचा सिमेंट रेझिनला धरत नाही, तिथे फेविक्विक किंवा अराल्डाइट. थ्रीडी प्रिंटचे भाग ठिसूळ असतात, त्यांचे आधाराचे खांब ओढून तोडू नका, कापा. आणि रंग लावण्याआधी ते इंजिन चेसिसवर सुकं ठेवून, रेडिएटर आणि फायरवॉल लावून एकदा पाहाच.

बॉडी चढवताना

या स्केलच्या बऱ्याच किट्समध्ये फायरवॉल आणि रेडिएटर बॉडीकडे असतात आणि इंजिन चेसिसवर. बॉडी वरून बसते. त्यामुळे दोन्ही टोकं आधीच चिकटवलेली वायर बॉडी चढवताना तुटणार. इंजिनकडची टोकं पक्की करा, फायरवॉलकडची आणि रेडिएटरकडची सुटी ठेवा, पण थोडी जास्त लांब. बॉडी बसल्यावर चिमट्यानं एकेक होज त्याच्या भोकात खोचा आणि मग सुईनं चिकटवा. फायरवॉलवरची भोकं किंचित सैल, म्हणजे एक मिमीच्या होजला १.२ मिमीची, ठेवली तर हे काम सुखाचं होतं.

बॉनेट बंद होतं का हे एअर क्लीनर चिकटवण्याआधी पाहा. कार्ब्युरेटरच्या डोक्यावर मळलेल्या कणकेची चिमूट ठेवा, बॉनेट हलकेच दाबून बंद करा आणि उघडा. कणकेची उरलेली उंची म्हणजे तुमच्या हाताशी असलेली जागा. एअर क्लीनर त्याहून उंच असेल तर त्याचा तळ घासा. इंजिन माउंट घासायला जाऊ नका, त्यानं फॅन आणि रेडिएटरची जुळणी बिघडते.